बल्बकाकूंच्या कंपाउंडरी खोल्या

भाडेकरू खोली सोडून जातो तेव्हा दोन गोष्टी हमखास बरोबर नेतो. एक दरवाज्यामागचा हूक आणि दुसरा बल्ब. हूक नाही म्हणून आजवर कोणी खोली नाकारलेली नाही, पण बल्ब नसला की गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच मागे फिरतं. खोल्यांच्या धंद्यात पडल्यावर काकूंना हे ज्ञान लवकरच झालं आणि तेव्हापासून त्यांच्या पर्समध्ये जुन्या पायमोज्यात गुंडाळलेला एक बल्ब कायमचा मुक्कामाला आला. खोली उघडायची, स्टुलावर चढून बल्ब लावायचा, गिऱ्हाइकाने होकार दिला की बल्ब काढून परत मोज्यात. स्टूल नसेल तर गिऱ्हाइकालाच चढवायचं. म्हणून त्या बल्बकाकू. तोंडावर नुसत्या काकू, पाठीमागे बल्बकाकू, आणि दोन्ही त्यांना ठाऊक होतं. आसपासच्या लोकांनी तर 'बल्बकाकूछाप' असा शब्दच पाडला होता. लग्नासाठी मुलाचा फोटो जरा जास्तच उजळ आला की मुलीकडचे म्हणत, हा बल्बकाकूछाप दिसतोय, प्रत्यक्ष बघून घ्या.

मूळ धंदा इस्त्रीचा. नवऱ्याचं दुकान होतं, तो गेल्यावर काकू टेबलामागे उभ्या राहिल्या त्या उभ्याच. इस्त्रीवालीला परिसरातलं सगळं आधी कळतं. नेहमी चार कपडे टाकणारा माणूस एकदम पडद्यांसकट गाठोडं आणून "उद्यापर्यंत सगळं पाहिजे" म्हणाला, की समजावं, खोली रिकामी होतेय. काकू ही बातमी सुरुवातीला फुकट वाटत. मग एका घरमालकाने भाडेकरू मिळाल्याच्या आनंदात त्यांच्या हातात पाकीट ठेवलं आणि काकूंच्या लक्षात आलं, की आपण आजवर केवढा धर्मादाय दवाखाना चालवत होतो.

त्यांची स्वतःची पद्धत होती. पूर्वेची खोली सकाळी दाखवायची, पश्चिमेची चहाच्या वेळेला. ज्या खोलीत ऊन येतच नाही ती दिवे लागल्यावर. "खिडकी आहे ना?" असं कोणी विचारलंच, तर "आहे की! आता बाहेर अंधार आहे म्हणून दिसत नाही," असं इतक्या गोडीने सांगायचं, की विचारणाऱ्यालाच वाटावं आपण उगाच शंका काढली. काकू खोटं बोलत नसत. खऱ्याला फक्त वेळ पाहून बाहेर काढत.

एक खोली मात्र कितीही बल्ब लावला तरी जात नव्हती. बोळासारख्या लांब पॅसेजच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती, चौथ्या भिंतीवर ओल. ती ओल इतकी पसरलेली की मालक तिला वेगळं भाडं लावायचा विचार करत होता. कंटाळून काकूंनी ती एका हडकुळ्या प्राध्यापकाला दाखवली. तो दारात थबकला. भिंतीवर हात फिरवला. बोटं नाकाशी नेली.

"अहाहा," तो म्हणाला, "काय कंपाउंडरी खोली आहे हो!"

"म्हणजे घेताय की नाही?" काकूंनी विचारलं.

त्याने घासाघीस न करता घेतली. वर हात जोडून म्हणाला, "मालकांना सांगा, भिंत रंगवू नका." काकूंनी आयुष्यात भिंत रंगवा म्हणून भांडणारे पाहिले होते, रंगवू नका म्हणणारा हा पहिलाच. त्या तिथल्या तिथे स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "प्रोफेसर, तो शब्द पुन्हा एकदा सांगा बरं."

तर त्या शहरातल्या लेखकांची अशी गंमत होती. फार वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या कंपाउंडरने पुस्तक लिहिलं. दिवसभर बाटल्यांत मिक्स्चर भरायचं आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायचं. डॉक्टरला कळलं तर नोकरी जाईल म्हणून पुस्तकावर नाव घातलंच नाही, नुसतं 'कंपाउंडर' असं छापलं. त्यात एक अंधारी खोली, एक ओली भिंत आणि एक माणूस, एवढंच होतं. पुस्तक असं गाजलं की त्यानंतर स्वाभिमान असलेल्या प्रत्येक लेखकाने आपलं नाव टाकून धंदा नाहीतर नातं लावायला सुरुवात केली. 'शिंपी' नावाचा कवी आला, तो चार ओळींच्या वर कापडच वापरायचा नाही. 'मावशी' आल्या, त्यांच्या कादंबऱ्यांत एका घरात इतकी माणसं नांदायची, की वाचणाऱ्यालाही न्हाणीघरासमोर रांग लावावीशी वाटे. समीक्षकांना तर विशेषणाशिवाय घास उतरत नाही. त्यांनी या सगळ्यांची विशेषणं पाडली. त्यातही प्रतवारी होती. 'छाप' लावलं की टोमणा, 'ई' लावली की कौतुक आणि 'ईय' लावलं की पीएचडी.

काकूंना ही विशेषणं म्हणजे घबाड वाटलं. अंधारी, ओली खोली कंपाउंडरी. मालकीण स्वयंपाकघरात डोकावून झाकणं उघडते ती मावशीय. पाय पसरले की दार लागत नाही ती शिंपीय, "एक इंच जास्तीचा नाही बघा, सगळं मोजून-मापून." कॉलेज जवळ होतं, गिऱ्हाइकं शिकलेली होती. शिकलेल्या माणसाला ओल नको असते, पण विशेषण लावलेली ओल तो हौसेने घेतो. पाहता पाहता कंपाउंडरी खोल्यांचं भाडं उजेडाच्या खोल्यांच्या वर गेलं. मालकांनी गळके पाइप दुरुस्त करणं बंद केलं. एक मालक तर काळजीने दुकानात येऊन विचारून गेला, "काकू, यंदा आमची भिंत जरा कोरडी पडतेय हो, चालेल ना?"

काकूंची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची, सासरी. दर आठवड्याला यायची आणि आईला फैलावर घ्यायची.

"आई, त्या लेखकाचं एक पान तरी वाचलंयस का?"

"डॉक्टरची चिठ्ठी कुठे वाचता येते? तरी औषध घेतोच ना आपण?"

"आणि तू स्वतः राहतेस ती खोली कसली गं? कंपाउंडरी?"

यावर काकू इस्त्रीत निखारे असल्यासारख्या जोरजोरात फुंकर घालत, वास्तविक इस्त्री विजेची होती. त्यांची खोली दुकानाच्या मागे. तिला खिडकी नव्हती. पुढे दुकानाचं दार, त्यात टेबल, त्याच्यामागे पडदा, पडद्यामागे काकूंचा संसार. शेकडो लोकांना त्यांनी उन्हाच्या खोल्या मिळवून दिल्या आणि स्वतः तीस-एक वर्षं दिवसाही दिवा लावून भाजी चिरली. आपल्या खोलीला त्यांनी कधी कुठलंच विशेषण लावलं नाही.

पण एका खोलीवर त्यांचा डोळा होता. हेडबाईंची माडीवरची खोली. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. निवृत्त शाळेतून, स्वभावातून नव्हे. त्यांच्या माडीला पूर्वेला एक आणि दक्षिणेला एक अशा दोन खिडक्या होत्या. सकाळी ऊन पूर्वेच्या खिडकीतून आत येई आणि दुपारपर्यंत सावकाश जमिनीवरून सरकत दक्षिणेच्या खिडकीशी जाई. काकूंनीच तिथे एक बँकवाला भाडेकरू बसवला होता आणि खोली दाखवताना पहिल्यांदाच त्यांना बल्ब काढावा लागला नव्हता. हेडबाईंनी शब्द दिला होता, "याची बदली झाली की खोली तुझी. दुसऱ्या कोणाला देणार नाही." लेकीने तर पडदेही शिवून ठेवले होते, पिवळे, बारीक फुलांचे. काकूंच्या ट्रंकेत ते घडी घालून पडले होते आणि काकू कधीतरी विनाकारण त्यांना इस्त्री करत. त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. म्हातारपण उन्हात पाय सोडून घालवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि लेक नि हेडबाई सोडून ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

आणि मग एक दिवस दुकानात आजोबा आले. अंगावर चुरगळलेला सदरा, हातात कपड्यांची पिशवी. खोकत होते.

"खोल्या दाखवता त्या तुम्हीच ना?"

"मीच. एकटेच आहात?"

"खोकला असतो बरोबर."

एकटा, म्हातारा, त्यात खोकणारा. असा भाडेकरू म्हणजे मालकांच्या दृष्टीने संकटच. काकूंनी मनात हिशेब केला, की या माणसाला कुठेही खपवायचं तर कंपाउंडरी खोलीच बरी, तिथले मालक फार चौकशी करत नाहीत. दिवे लागल्यावर त्या आजोबांना घेऊन गेल्या. खोली प्राध्यापकाच्या खोलीसारखीच, पण दुसरी. तसाच पॅसेज, दार, स्टूल, बल्ब.

"ही साधी खोली समजू नका हं आजोबा. ही कंपाउंडरी आहे."

"म्हणजे?"

"फार मोठे लेखक होते एक, कंपाउंडर म्हणून."

"होते?"

"असतीलही. मोठी माणसं बहुतेक गेलेलीच असतात. तर त्यांनी अशा खोलीचं फार वर्णन केलंय. ही ओल बघा, ही नुसती ओल नाही, हिच्यात माणसाचं एकटेपण आहे. इथे राहिलं की विचार खोल जातात. शिकलेली माणसं रांग लावतात या खोलीसाठी. तुम्ही भले दिसलात म्हणून आधी तुम्हाला दाखवली."

आजोबा भिंतीशी गेले. हात लावला नाही. त्यांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, खोकल्यातून पुन्हा हसू झालं. काकूंनी त्यांना स्टुलावर बसवलं.

"काकू," ते डोळे पुसत म्हणाले, "तो कंपाउंडर मीच. तुम्ही माझीच भिंत मला विकताय."

काकूंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे.

"मग तर तुम्हाला आवडलीच असेल," त्या म्हणाल्या.

"आवडेल? अहो, मी ते सगळं तक्रार म्हणून लिहिलं होतं. लोकांनी जाहिरात म्हणून वाचलं. मला ऊन हवंय. ऊन, कोरडी भिंत आणि खिडकी. बस्स."

त्यांची कथा अशी होती, की ते अजून त्याच दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहत होते. जुना डॉक्टर गेला, मुलगा आला. या म्हाताऱ्याने मुलाकडे भिंतीत एक खिडकी पाडून मागितली. तो बिचारा तयारही झाला. पण ही बातमी फुटली आणि कॉलेजातल्या विद्वानांचं शिष्टमंडळ येऊन म्हणालं, की या भिंतीला हात लावणं म्हणजे साहित्याच्या काळजाला हात लावणं. डॉक्टरने घाबरून गवंडी परत पाठवला. दारावर पाटी लागली. आता लोक खोली बघायला येत आणि आजोबांनी खाट जरा कोरड्या भिंतीकडे सरकवली, की "पुस्तकात तर इकडे होती" म्हणून परत ओढून ठेवत. गेल्या वेळी छातीत पाणी झालं तेव्हा मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की या ओलीत आणखी राहिलात तर पुढचं आजारपण शेवटचं.

"मग सोडा ना ती खोली," काकू म्हणाल्या.

"मनाने सोडलीच आहे. पण दुसरीकडे मला कोणी धरेना."

काकूंना वाटलं, यात काय अवघड आहे. उजेडाच्या खोल्यांना हल्ली त्यांच्याच कृपेने मागणी कमी होती. त्या आजोबांना घेऊन निघाल्या. पहिल्या मालकाने आजोबांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, नाव विचारलं आणि नाव ऐकताच खुर्चीकडे असं पाहिलं, जणू तिला आता बुरशी येणार. "मोठे लेखक आहेत, मान्य आहे. पण आमचं घर हसतंखेळतं आहे हो." दुसरीकडे मालकीण म्हणाली, खोली द्यायला हरकत नाही, पण पुढे कोणी 'कंपाउंडरी घर' म्हणालं तर मुलीचं लग्न कसं जमायचं? तिसरा मालक तर जिन्यातच अडला.

"काकू, तुम्हीच सांगितलंत ना, कंपाउंडरी म्हणजे ओल?"

"अहो, खोली कंपाउंडरी असते! माणूस कसा असेल? माणूस कोरडा आहे, बघा हवं तर हात लावून!"

"नको नको. नावातच आहे ते."

आजोबा खालच्या पायरीवर बसून हसत होते. काकूंना मात्र हसू येईना. हा शब्द घरोघरी कोणी पोचवला? विद्वानांनी पुस्तकांत लिहून ठेवला होता, तो तिथेच पडून राहिला असता. तो उचलून दारोदार फिरवला काकूंनी, आणि आता त्याच दारांवर तो कडी होऊन बसला होता. रस्त्यात त्यांनी सुचवलं, "आजोबा, दुसरं काहीतरी नाव सांगू या का?"

"एकदा नाव लपवलं त्याचं हे झालं," आजोबा म्हणाले. "आता पुन्हा नाही."

कपड्यांची पिशवी दुकानातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी काकूंनी त्यातला सदरा काढला, पाणी शिंपडलं आणि इस्त्री टेकवली. वाफेबरोबर वास आला. ओलीचा, जुन्या बंद ट्रंकेचा, औषधाचा. काकूंनी आयुष्यभर लोकांचे वास हुंगले होते. घामाचे, मसाल्याचे, पावडरीचे, बाळाच्या दुधाचे. इस्त्री फिरली की सगळे जात. हा गेला नाही. त्यांनी सदरा उलटा करून फिरवली, पुन्हा सरळ करून फिरवली. वास कापडात नव्हताच, तो माणसात मुरला होता आणि कापडाला लागला होता. काकूंनी इस्त्री उभी केली आणि मागे आपल्या खोलीकडे पाहिलं. पडद्याआड अंधार होता, पण इस्त्रीच्या उबेने ठणठणीत कोरडा.

त्याच आठवड्यात बँकवाल्याचं गाठोडं आलं, पडद्यांसकट. पाठोपाठ हेडबाईंचा निरोप आला, "खोली रिकामी होतेय. ये आणि किल्ली घेऊन जा." आणि पाठोपाठ लेक आली, हातात पडद्यांच्या सळया घेऊन.

"सळया परत ने," काकू म्हणाल्या.

लेकीला आधी वाटलं माप चुकलं. मग सगळं ऐकल्यावर ती खुर्चीत बसली आणि उठली आणि पुन्हा बसली. "आई, अगं आयुष्यात एकदा! एकदा तरी स्वतःसाठी काही घे! तो कोण लागतो आपला?"

"कोणी नाही."

"मग?"

"माझा अंधार कोरडा आहे गं," काकू म्हणाल्या. "त्यांचा ओला आहे. माझ्या अंधाराने गुडघे दुखतात, मरत नाही कोणी."

एवढं बोलून काकूंना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. खोली त्यांना हवी होती. इतकी हवी होती, की त्या खिडकीतलं ऊन कोणत्या फरशीवर किती वाजता असतं हे त्यांना पाठ होतं. लेकीने सळया मात्र परत नेल्या नाहीत, दाराआड उभ्या करून गेली.

आता प्रश्न हेडबाईंचा होता. नाव ऐकून तिथेही नकार येणार हे उघड होतं. काकूंनी विचार केला. आजवर आपण गिऱ्हाइकाला खोली दाखवली. या वेळी खोलीवालीला गिऱ्हाईक दाखवायचं आहे. मग नियम तेच. माणूस पूर्वेचा आहे की पश्चिमेचा ते बघायचं आणि वेळ साधायची. आजोबांचं त्यांनी निरीक्षण केलं होतं. संध्याकाळी खोकला चढायचा, दुपारी डोळे मिटायचे. सकाळचा चहा पोटात गेल्यावर थोडा वेळ मात्र माणूस असा खुलायचा की बघत राहावं. म्हणजे पूर्वेचा.

सकाळी त्यांनी आजोबांना दुकानात बोलावलं, पडद्यामागे पाठवून कडक इस्त्रीचे कपडे घालायला लावले, कॉलर स्वतः बसवली, चहा पाजला आणि नेऊन हेडबाईंच्या ओट्यावर बरोबर उन्हात उभं केलं. आजोबांनी डोळे मिटून चेहरा वर केला. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर कोणी असा उजेड पाडला नव्हता. बल्ब तर मोज्यातच राहिला.

"बाई, खोलीला गिऱ्हाईक आणलंय," काकूंनी हाक मारली तशा हेडबाई बाहेर आल्या. चष्म्यावरून पाहिलं.

"नाव?"

"कंपाउंडर."

हेडबाईंनी चष्मा काढून पुसला.

"तुमचा धडा शिकवलाय मी. कित्येक वर्षं. अर्धा वर्ग झोपायचा."

"लिहिताना मीही झोपायचो," आजोबा म्हणाले. "उरलेला अर्धा वर्ग काय करायचा?"

"रडायचा. परीक्षेत यायचा तो." हेडबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला. त्यांना ओळखणाऱ्यांनी याला खळखळून हसणं म्हटलं असतं. "माझ्या भिंतींना ओल नाही चालणार."

"बाई, मी ओलीवर लिहिलं. ओल पाळली नाही कधी."

"आणि ते वह्या घेऊन येणारे लोक जिन्यावर नकोत."

"मलाही नकोत."

सगळं जुळत आलं आणि तेवढ्यात हेडबाई मुद्द्यावर आल्या. त्या काकूंकडे वळल्या. "पण काय गं, ही खोली तर तू तुझ्यासाठी ठेवायला सांगितली होतीस. इतकी वर्षं माझ्यामागे लागली होतीस."

आजोबांनी डोळे उघडले आणि ते उन्हातून दोन पावलं मागे सरकले, सावलीत. "मग मला नको," ते म्हणाले.

"गिऱ्हाइकाने मध्ये बोलायचं नसतं," काकू करवादल्या. "आणि बाई, तुम्हीही काय जुनं काढून बसता! मी दिवसभर दुकानात. ऊन बिचारं रोज येणार आणि कुलूप बघून परत जाणार. इथे दिवसभर बसणारा माणूस पाहिजे, रिकामटेकडा. या आजोबांना दुसरं काम काय आहे?"

युक्तिवाद बिनतोड होता आणि तिघांनाही तो खोटा आहे हे कळत होतं. हेडबाईंनी काकूंकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग कमरेची किल्ली काढली आणि आजोबांच्या हातात न देता काकूंच्या हातात दिली. "तूच उघडून दे," त्या म्हणाल्या. काकूंनी जिना चढून दार उघडलं. पूर्वेचं ऊन तिसऱ्या फरशीवर होतं, त्या वेळी ते तिथेच असतं. आजोबा जाऊन चपला काढून त्या फरशीवर उभे राहिले.

पडदेही काकू देत होत्या, पण आजोबांनी घेतले नाहीत. "इतक्या वर्षांनी उघडंनागडं ऊन आलंय, त्याला कपडे कशाला घालता?"

त्यानंतर साहित्यात बराच गहजब झाला. तो हडकुळा प्राध्यापक भेटायला गेला. त्याला वाटलं होतं, थोर लेखक उजेडात तडफडत असेल. तर थोर लेखक बनियनवर, पाय उन्हात, बशीतून चहा पीत बसलेले. प्राध्यापक इस्त्रीचे कपडे न्यायला आला तेव्हा खिन्न होता. "संपले हो ते, काकू," तो म्हणाला. "परवा नवीन लिहिलेलं दाखवलं. एक ओळ आहे. 'ऊन आलं, बसलो.' यात कंपाउंडरी काही उरलंच नाही."

"भिंत कशी आहे तुमची?" काकूंनी विचारलं.

"फार सुंदर. पण रात्री जरा खोकला येतो."

आजोबांचे कपडे आता हेडबाईंच्या गच्चीवर वाळायचे आणि काकूंकडे यायचे. पहिला सदरा आला तेव्हा काकूंनी पाणी शिंपडून इस्त्री टेकवली आणि वाफेत नाक घातलं. काहीच नाही. त्यांनी पुन्हा हुंगला. नुसत्या कापडाचा वास. काकूंना बरं वाटलं, खूपच बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी गुडघ्यात कळ उठावी तशी एक कळही उठली. दोन्ही खरं होतं. आजोबांनी माडीवर एक दुसरी खुर्ची आणून ठेवली होती आणि कपडे पोचवायला गेल्या की काकू "दोन मिनिटं" म्हणून तिच्यात बसत. दुकानाला उशीर होई.

पॅसेजच्या टोकाची ती खोली पुढे प्राध्यापकाने खोकल्यापायी सोडली आणि पुन्हा काकूंकडे आली. नव्याने लग्न झालेलं एक जोडपं बघायला आलं. काकूंनी त्यांना दुपारी नेलं, दिवे लागायची वाट न पाहता. स्टुलावर चढून बल्ब लावला. नवऱ्याने भिंत पाहिली आणि त्याचे डोळे चमकले.

"अगं बघ, अगदी कंपाउंडरी!"

"कंपाउंडर पलीकडच्या गल्लीत राहतात," काकू म्हणाल्या. "माडीवर, पूर्वेच्या खिडकीत. सकाळी जाऊन विचारा त्यांना, अशी खोली कशी असते ते. ही ओल आहे. हिला दुसरं नाव नाही. खोकला होईल."

पोरगी गोंधळून काकूंकडे बघत राहिली. एजंट असा स्वतःच्याच मालावर उलटलेला तिने पाहिला नसावा.

"मग आम्हाला तसली दाखवा ना, काकू. पूर्वेची, माडीवरची."

"तशी एकच होती."

"अय्या! मग तुम्हीच का नाही घेतलीत?"

काकूंनी वर हात नेऊन बल्ब फिरवला. तो तापला होता, बोटं भाजली. खोलीत काळोख झाला. स्टुलावरून उतरताना त्यांनी त्या मुलीच्या खांद्याचा आधार घेतला.

"गिऱ्हाईक आलं होतं ना," त्या म्हणाल्या आणि अंधारात मोजा शोधू लागल्या.